मॅडम मिशोंची पाठ

परीक्षा सुरू झाली की लोरेट मिशो खुर्ची फिरवायच्या. फळ्यावर गणितं लिहून झाली, वेळ सांगून झाली, की वर्गाकडे पाठ करून खिडकीशी बसायच्या ते तास संपेपर्यंत. खिडकीतून नदी दिसते आणि नदीपलीकडे कॅनडा. कॅनडात बघण्यासारखं काही नाही, तिकडेही बटाट्याची शेतंच. पण बाई तिकडेच बघत बसायच्या आणि मागे पोरं बीजगणित सोडवत असायची.

"पाठीला डोळे नसतात," वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या वर्गाला सांगायच्या, "आणि मला ते नकोही आहेत. माझा तुमच्यावर विश्वास आहे. विषय संपला."

आमच्या नदीच्या खोऱ्यात या गोष्टीचं फार कौतुक होतं. बाईंना स्वतःला तर इतकं, की लग्न असो की मयत, चार माणसं जमली की बोलणं तिकडे वळायला वेळ लागायचा नाही. तरुणपणी त्या शिकाऊ शिक्षिका म्हणून दक्षिणेकडे, पोर्टलंडच्या बाजूच्या एका शाळेत होत्या. तिथले शिक्षक परीक्षेत बाकांमधून पोलिसासारखे फिरायचे, पोरांना बाह्या वर करायला लावायचे. "तेव्हाच मी कानाला खडा लावला," बाई सांगायच्या. "आपल्या पोरांना असं चोर समजायचं नाही. इतकी वर्षं झाली, एकदाही पस्तावले नाही." ऐकणारे माना डोलवायचे. त्यातले निम्मे बाईंच्याच वर्गातून शिकून गेलेले, आणि मान डोलवताना त्यांच्या डोळ्यांत थोडं हसू असायचं. बाईंना ते प्रेमाचं वाटायचं. प्रेमाचंच होतं म्हणा.

बाई अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत. लग्न केलं नाही की झालं नाही, यावर खोऱ्यात दोन पक्ष आहेत. थोरला भाऊ ओनियास बायको गेल्यापासून त्यांच्याकडे राहायला आला आणि त्यानं आल्या दिवशी चूल ताब्यात घेतली, ते बरंच झालं. बाईंना हाडं गोठवणाऱ्या जानेवारीत ट्रक सुरू करता येतो, बंदूक चालवता येते, वर्गसमीकरण तोंडी सोडवता येतं, पण अंडं उकडता येत नाही.

त्या वर्षी काढणी लांबली. सप्टेंबर सरता सरता आमच्याकडे शाळा बंद होते ती बटाटे निघेपर्यंत. मोठ्या शेतांवर आता यंत्रं आली आहेत, पण लुजेर डुबेसारखे म्हातारे अजून हातानंच वेचून घेतात. ट्रॅक्टर सरी उलटत पुढे जातो, प्रत्येकाला सरीतला एकेक तुकडा नेमून दिलेला असतो. टोपलीत वेचायचं, पिंपात ओतायचं, पिंप भरलं की त्यावर आपल्या नंबराचं तिकीट खोचायचं. शाळा परत भरते तेव्हा पोरांच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात आणि निम्मी पोरं म्हाताऱ्यांसारखी कंबर धरून चालत असतात. आणि नेमक्या त्याच पहिल्या सोमवारी लोरेटबाई चाचणी ठेवायच्या. कोणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "हात बटाट्यात होते, डोकं तर मोकळं होतं ना?"

त्या सोमवारी गिलमन लिझोटचा उजवा हात बांधलेला होता. पिंप उलटून दोन बोटं चेंगरली होती.

"लिहिता येईल का रे?" बाईंनी विचारलं.

"बघतो, मॅडम."

बाईंनी खुर्ची फिरवली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या पेपर तपासत बसल्या. ओनियास तव्यावर बकव्हीटच्या पिठाचे घावन टाकत होता. या घावनांना आम्ही प्लॉय म्हणतो. बाईंनी आधी क्लॉडेट बोसेचा पेपर घेतला. चांगलं आधी खायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. क्लॉडेट म्हणजे बाईंच्या हाताखालून गेलेली सगळ्यांत हुशार पोरगी. बाप लाकडाचा ट्रक चालवायचा, आई बटाट्याच्या फिंगरचिप्सच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापुढे उभी असायची, घरात क्लॉडेटच्या पाठची सहा भावंडं. तिला पुढे शिकायचं तर एकच वाट होती. दक्षिणेतल्या एका जुन्या लाकूड-व्यापाऱ्याच्या नावानं शिष्यवृत्ती होती. सगळ्या जिल्ह्यातून एकच पोर निवडायचं आणि चारही वर्षांचा खर्च उचलायचा. ती शिष्यवृत्ती देणाऱ्या मिसेस प्रेस्कॉट याच गुरुवारी शाळेत येणार होत्या. गुणपत्रकापेक्षा त्यांचा शिक्षकाच्या शब्दावर भरवसा. समोर बसवून, डोळ्यांत बघून त्या एकच प्रश्न विचारायच्या, की हे मूल परीक्षेत कधी अप्रामाणिकपणे वागलं आहे का. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातले एक मास्तर उत्तर देताना नुसते घुटमळले, तेवढ्यावरून त्यांच्या पोराची शिष्यवृत्ती गेली.

क्लॉडेटच्या बाबतीत घुटमळायचं कारणच नव्हतं. पेपर नेहमीसारखाच निर्दोष होता. बाईंनी समाधानानं पुढचा उचलला. गिलमनचा.

पहिली तीन गणितं कोंबडीनं पाय ओढावेत तशा अक्षरात, डाव्या हातानं लिहिलेली. तिन्ही चूक. त्यानंतरची चार मात्र गोल, ठसठशीत, रेषेवर बसलेल्या अक्षरात. चारही बरोबर. बाईंनी क्लॉडेटचा पेपर पुन्हा काढून शेजारी ठेवला. अक्षर बदलायची तसदीसुद्धा पोरीनं घेतली नव्हती.

"काय झालं?" ओनियासनं विचारलं. "चेहरा का असा पडला?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि त्या रात्री त्यांनी घावनाला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्यांनी क्लॉडेटला वर्गात बोलावलं. पेपर पुढे ठेवला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं, मॅडम." बाईंना आता चष्मा लागला की काय अशी तिलाच काळजी वाटावी, इतक्या सहजपणे ती म्हणाली.

"गिलमनच्या पेपरावर?"

"त्याचा हात बघितलात ना तुम्ही? चार राहिली होती. माझं झालं होतं. मग मी शिरले."

"शिरलीस?"

"त्याच्या तुकड्यात."

हा शब्द शेतातला. एखाद्याचा तुकडा मागे पडला, सरी पुढे गेली आणि तो एकटाच वाकलेला दिसला, तर शेजारचा त्याच्या तुकड्यात शिरतो. वेचतो, पिंप भरतो आणि पिंपावर तिकीट मात्र त्याचंच खोचतो. दुसऱ्यानं भरलेल्या पिंपावर जो आपलं तिकीट खोचतो तो चोर. त्याला पुन्हा कुठल्याच शेतावर उभं करत नाहीत. आपण भरलेल्या पिंपावर जो दुसऱ्याचं तिकीट खोचतो तो शेजारी. एवढी नीती आमचं पोर टोपली उचलता येण्याच्या आधी शिकतं.

"क्लॉडेट, याला कॉपी म्हणतात."

"कॉपी?" पोरगी खरोखर गोंधळली. "कॉपी कोणी केली? गिलमन तर माझ्या पेपराकडे बघतही नव्हता, तो छताकडे बघत होता. आणि मी कुणाचं घेतलं का? दिलंच की."

"नाव त्याचं आहे पेपरावर!"

"मग कुणाचं असणार? पेपर त्याचा आहे."

वीस-बावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला एका पोरीनं दोन ओळींत गप्प केलं. तेवढ्यात घंटा झाली, बाकीची पोरं आत आली आणि बाईंनी तो विषय संपवायचा सोडून उलट वाढवला.

"आणखी कोण कोण शिरलंय?" त्यांनी सबंध वर्गाला विचारलं. "माझ्या चाचणीत. आजवर. हात वर करा."

त्यांची अपेक्षा होती की वर्ग चिडीचूप होईल, एखाददुसरा मान खाली घालेल. तसं काही झालं नाही. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात वर केले. निम्म्याहून जास्त वर्गानं. ज्यांनी केले नाहीत ते थोडे ओशाळलेले दिसत होते, कारण त्यांना दुसऱ्याला देण्याइतकं गणित कधी आलंच नव्हतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासूनच ना, मॅडम," पुढच्या बाकावरची रोझलिन डेगल म्हणाली. ही पोरगी जरा बोलकी. "माझी आई पण तुमच्याच वर्गात होती. ती म्हणते, मिशो मॅडमसारखी मायाळू बाई आख्ख्या जिल्ह्यात नाही. दुसरे मास्तर डोळे वटारून बसतात, आणि तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्ही पाठ फिरवता की. लुजेर डुबे फिरवतो तशी."

वर्ग हसला. मजेत, आपुलकीनं. लुजेर डुबेचा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. आपला तुकडा सोडून दुसऱ्याच्या तुकड्यात पाय ठेवायचा नाही. हा नियम प्रत्येक शेतावर असतो, नाहीतर भांडणं होतात. पण एखादं लहानगं किंवा दमलेलं मागे पडलं, की म्हातारा वाऱ्याकडे पाठ करून पाइप पेटवायला लागतो आणि बराच वेळ पेटवतच राहतो. त्याच्या पाइपमध्ये तंबाखू नसते हेही सगळ्यांना माहीत आहे.

"मला वाटलं होतं..." बाई म्हणाल्या. फळ्याकडे वळून त्यांनी नवीन धडा लिहायला घेतला. पोरांनी वह्या उघडल्या. बाईंना पहिल्यांदाच पाठीला डोळे नसल्याचं वाईट वाटलं.

सुट्टीत गिलमन मागे थांबला. हडकुळा, लांब मानेचा पोरगा. दुपारी शाळा सुटली की बटाट्याच्या वखारीत कामाला जायचा.

"मला शून्य द्या, मॅडम," तो म्हणाला.

"का? तुला वाटतं का, की ते चूक होतं?"

"तसं नाही. क्लॉडेट चांगली आहे." तो बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. "पण पहिलीपासून कोणी ना कोणी माझ्यात शिरतंच आहे. आधी भाऊ, मग चुलतबहीण, आता क्लॉडेट. मला नक्की किती येतं ते मलाच माहीत नाही, मॅडम. एकदा नीट नापास झालो असतो तर निदान कळलं तरी असतं."

"मग तिला नको असं का नाही म्हणालास?"

गिलमननं बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्या नदीपलीकडच्याच होत्या. "शिरणाऱ्याला नको म्हणायचं? तुम्ही म्हणाल कुणाला? माझ्या पेपेरनं एकदा नको म्हटलं होतं. मोठेपणा दाखवायला. पुढे त्यांचा गोठा पेटला, गुरं आत होती, तेव्हा पण लोक विचार करून, सावकाश आले." पेपेर म्हणजे त्याचे आजोबा.

बाईंनी त्याला शून्य दिलं नाही आणि गुणही दिले नाहीत. पेपर दप्तरात तसाच ठेवला. गुरुवार होऊन जाऊ दे, मग बघू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बुडत्याला काडीचा आधार तसा त्यांना त्या गुरुवारचा आधार वाटत होता, आणि भीतीही त्याचीच वाटत होती.

घरी आल्या आल्या त्यांनी भावाला धरलं. "ओनियास, तुला माहीत होतं?"

"काय?"

"माझ्या वर्गात काय चालतं ते."

"शिरतात ते? अगं, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ओनियासनं डाव खाली ठेवला. "मला काय ठाऊक, तुला माहीत नाही म्हणून! उगाच पाठ कोण फिरवतं, लोरेट? मला वाटायचं, ही बाहेर विश्वासबिश्वास म्हणते ते मुख्याध्यापकांना ऐकवायला. आतून आपलीच आहे."

हे 'आपलीच' बाईंना फार लागलं. कोणी लबाड म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या. इथे तर सगळं गाव इतकी वर्षं त्यांच्यावर माया करत होतं आणि ती माया दुसऱ्याच कुठल्या तरी बाईवर होती.

"मी त्यांच्यावर विश्वास टाकला होता," त्या म्हणाल्या. "खरोखरचा."

"बरं मग, टाकला. आणि त्यांनी तो मोडला असं त्यांना वाटतंय का? नाही ना?" ओनियास खुर्ची ओढून समोर बसला. "तुला आठवतं, आपल्या एका खोलीच्या शाळेत ती बाई इंग्रजीत विचारायची आणि आपली घरची फ्रेंच बोललं की छडी? पहिलीत तुला काय येत होतं इंग्रजी? 'येस' आणि 'नो'. तेही उलटं. मागच्या बाकावरून कोण सांगायचं तुला उत्तर?"

"तू. पण ती गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी? तू उत्तर द्यायचीस, तुला शाबासकी. म्हणून तू पुढे गेलीस, मास्तरीण झालीस. मी आठवीत शाळा सोडली." हे त्यानं रागानं म्हटलं नाही. घावन करपला असं सांगावं तसं म्हटलं. "तुझ्या तुकड्यात शिरलो होतो, माझा राहून गेला. असू दे. मी काही म्हटलं का कधी?"

बाईंनी दप्तरातून गिलमनचा पेपर काढला, पाहिला, पुन्हा आत ठेवला. मग म्हणाल्या, "गुरुवारी ती शिष्यवृत्तीवाली बाई मला क्लॉडेटबद्दल विचारणार आहे."

"सांग की मग जे आहे ते. आमच्याकडे असं असतं म्हणावं."

"दक्षिणेकडच्या बाईला शिरणं समजावून सांगू? ती हसेल, मान हलवेल, म्हणेल किती गोड प्रथा आहे तुमची, आणि क्लॉडेटच्या नावावर काट मारेल. सहा महिन्यांत पोरगी आईशेजारी पट्ट्यापुढे उभी असेल."

"मग नको सांगू."

"म्हणजे खोटं बोलू?"

"मी स्वयंपाक करतो," ओनियास म्हणाला. "हे मला काय विचारतेस?"

लोरेटबाई आयुष्यात खोटं बोलल्याच नव्हत्या असं नाही. ओनियासच्या वाटाण्याच्या सूपला त्या दर आठवड्याला चांगलं म्हणतच होत्या. पण कोणी विश्वासानं विचारलं आणि त्यांनी समोर बघून खोटं सांगितलं, असं कधी झालं नव्हतं. त्याच एका गोष्टीवर त्यांनी आपली सगळी मास्तरकी उभी केली होती. खरं सांगावं तर पोरगी बुडते, खोटं सांगावं तर आपण. इकडे आड तिकडे विहीर. बुधवारचा दिवस त्यांनी पोरांवर विनाकारण खेकसण्यात घालवला.

गुरुवारी मिसेस प्रेस्कॉट आल्या. ठेंगण्या, टवटवीत, राखाडी लोकरी कोट घातलेल्या. वाईट बाई मुळीच नव्हत्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी लोरेटबाईंना कॉफी स्वतः ओतून दिली, खोऱ्याच्या हवेची तारीफ केली, बटाट्यांची तारीफ केली आणि मग चष्मा काढला.

"मिस मिशो, मला तुमच्याबद्दल सगळ्यांनी सांगितलंय. परीक्षेत तुम्ही वर्गाकडे पाठ करून बसता म्हणे! मला इतकं बरं वाटलं ऐकून. आजकाल इतका विश्वास कोण ठेवतं? म्हणून खरं तर या वर्षी माझं काम सोपं आहे. तरी पद्धत म्हणून विचारते. क्लॉडेट बोसे परीक्षेत कधी अप्रामाणिकपणे वागली आहे?"

घुटमळायचं नाही, एवढंच बाईंच्या डोक्यात होतं.

"कधीच नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या चटकन, इतक्या स्वच्छ आवाजात शब्द बाहेर पडले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मिसेस प्रेस्कॉट प्रसन्न हसल्या, त्यांनी चष्मा चढवला आणि कॉफीचा घोट घेतला. झालं. इतकंच असतं ते. इतकं सोपं असतं हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

बाहेर व्हरांड्यात क्लॉडेट उभी होती. रविवारी चर्चला घालायचा निळा फ्रॉक, केस ओले करून बसवलेले.

"विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"मग सांगितलंत तुम्ही, गिलमनचं?"

"मी सांगितलं, कधीच नाही."

क्लॉडेट आधी हसली. बाई थट्टा करताहेत असं तिला वाटलं असावं. मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू विरलं.

"पण मॅडम, मी लिहिला होता की त्याचा पेपर. तुम्हाला माहीत आहे ते."

"हळू बोल."

"तुम्ही खोटं बोललात?"

"तुझ्यासाठी बोलले गं."

"पण मी काही वाईट केलंच नव्हतं!" पोरीनं उलट आवाज चढवला. "म्हणून तर मी तुम्हाला सरळ सांगितलं. त्यांनी विचारलं असतं तर त्यांनाही सांगितलं असतं. आता तुम्ही लपवलंत. मग ते वाईटच होतं ना, मॅडम?"

तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार उघडलं आणि मिसेस प्रेस्कॉट कोटाची बटणं लावत बाहेर आल्या.

"मी सांगते त्यांना," क्लॉडेट म्हणाली. "नीट समजावून सांगते. त्यांना कळेल." आणि ती निघाली.

लोरेटबाईंनी तिचं मनगट धरलं. कुठल्याच पोराला त्यांनी आजवर असं धरलं नव्हतं. "थांब," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. "एक अक्षर बोलू नकोस. घरी सहा भावंडं आहेत तुझी. तोंड बंद ठेव, हस, आणि मान हलव."

मिसेस प्रेस्कॉट दोघींजवळ येऊन थांबल्या. "हीच का आपली क्लॉडेट? काही सांगायचं होतं का बाळा तुला?"

क्लॉडेटनं बाईंकडे पाहिलं. कठीण गणित फळ्यावर लिहिलं की ती अशीच बघायची, आधी बाईंच्या चेहऱ्याकडे, रस्ता कुठून आहे ते शोधायला. बाईंची बोटं अजून तिच्या मनगटावर होती.

"नाही मॅडम," ती म्हणाली आणि हसली. मान हलवली. "तुमचा प्रवास नीट होवो."

हुशार पोरगी. एकदा दाखवलं की तिला येतं, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

शिष्यवृत्ती मिळाली. फादरनी रविवारच्या प्रार्थनेनंतर नाव वाचून दाखवलं, चर्चमध्ये टाळ्या वाजवू नयेत, तरी लोकांनी वाजवल्या. क्लॉडेटची आई कारखान्यातून परस्पर बाईंच्या दारात आली, हातात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं, डोळ्यांत पाणी. "तुमचे उपकार मी कसे फेडू?" असं तिनं कितीदा तरी म्हटलं. आत या म्हणायचंही बाईंना सुचलं नाही. ओनियासनं पातेलं घेतलं, तिला खुर्ची दिली आणि क्लॉडेट कशी आहे विचारलं.

"अभ्यास करते," आई म्हणाली. "पहिल्यासारखी बोलत नाही. मोठी झाली असेल."

नाताळच्या आधी बाईंनी चाचणी ठेवली. खुर्ची कुठल्या बाजूला ठेवावी हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून त्या उभ्याच राहिल्या, फळ्याला टेकून, वर्गाकडे तोंड करून. पोरांनी एकदा चमकून वर पाहिलं आणि मग माना खाली घातल्या. बाहेर बर्फ पडत होता. वर्गात कागदांशिवाय कसलाच आवाज नव्हता.

गिलमनचा हात बरा झाला होता. त्यानं पहिलं गणित लिहायला घेतलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. दुसऱ्याशी बराच वेळ झुंजला. बाईंना जवळ जाऊन त्याला काही सांगावंसं फार वाटलं. शेवटी त्यानं पेन्सिल ठेवली आणि सवयीनं शेजारच्या बाकाकडे पाहिलं.

क्लॉडेटचं केव्हाच लिहून झालं होतं. तिनं डावा हात पेपरावर आडवा ठेवला.